मनगटावरचं नाव

मिरचीच्या फुलाला सकाळी आठ ते अकरा एवढाच वेळ असतो. त्याआधी दहिवर, त्यानंतर ऊन. तेवढ्या वेळात पराग लावून देठाला लाल धागा बांधला तर त्याचं बी होतं, नाहीतर नुसती मिरची. आणि भुजंग शेजूळच्या शेडनेटात खायची मिरची कुणी लावली नव्हती. बियाण्याच्या कंपनीचा प्लॉट होता. दहा ओळी मादीच्या, दोन नराच्या. दोघांचीही नावं कंपनीनं सांगितली नव्हती, आकडे तेवढे दिले होते. चाळीस दिवस माणसांनी मधमाशीचं काम करायचं आणि खरी मधमाशी आत शिरली तर तिला मारायचं, असा हा धंदा. राजूरच्या आसपासच्या कितीतरी घरांची दिवाळी असल्या जाळीखालीच जाते.

भुजंगची सून आकांक्षा सातव्या सरीत वाकलेली होती. डाव्या हाताच्या बोटात परागाची चिमुकली वाटी बसवलेली अंगठी. उजव्या हातानं फूल धरायचं, त्याचं टोक वाटीत बुडवायचं, धागा बांधायचा, पुढं सरकायचं. शेजारच्या सरीत ज्योत्स्ना होती. बौद्धवाड्यातली, बारावी झालेली, सीझनला रोजानं येणारी. तिच्या हातापेक्षा तिची जीभ जोरात चालायची.

तिचा नवरा हरिओम दोन्ही दारं ढकलत आत आला. फोन त्यानं हातभर लांब धरला होता. "तुझ्या तिकडचा हाये. कोणी सुकमती म्हणून राह्यली."

लग्नानंतरच्या तीन वर्षांत आकांक्षाला तिकडचा फोन आला नव्हता. तिनं परागाची अंगठी आधी काढली, ज्योत्स्नाच्या हातात दिली, मग फोन कानाला लावला. ती जे बोलली ते कुणाला कळलं नाही. ती भाषाच वेगळी होती. सासू उषाबाई दुसऱ्या सरीतून उभी राहिली. सून घरात कधी चढ्या आवाजात बोललेली नव्हती, आणि आत्ता ती कुणाला तरी दटावल्यासारखं एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मग फोटो आला. निळ्या ताडपत्रीवर सात जण ओळीनं निजवलेले. प्रत्येकाच्या छातीवर आकड्याची चिठ्ठी. चार नंबरवर आकांक्षानं दोन बोटं ठेवून फोटो ताणला. तोंड सुजलेलं होतं, त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. पण हात ताडपत्रीवर उताणा पडला होता आणि मनगटावर गोंदलेलं दिसत होतं. चार टिंबं आणि खाली एक वाकडी रेघ.

"ही माझी बहीण हाये," ती म्हणाली. "हुंगी."

"बहीण?" उषाबाई म्हणाली. "जंगलातली? बंदूकवाल्या नक्षल्यांतली?"

"बारा वर्षाची होती, तवा नेली दादालोकांनी."

"हळू बोल, माय. बाहेर माणसं हायेत."

आकांक्षा खाली बसली. कमरेत मोडल्यासारखी सरळ मातीत बसली आणि तिच्या पायाखाली दोन झाडं आली. उषाबाईची नजर आधी त्या झाडांकडे गेली. नंतर सुनेकडे. कुणाला वाईट वाटायचं तर वाटो, पण सीझनच्या दिवसांत शेतकऱ्याच्या बाईची नजर अशीच जाते.

हरिओमला चौतीस वर्षांपर्यंत बायको मिळाली नव्हती. चार एकर बागाईत, शेडनेट, मोटारसायकल, सगळं होतं. म्हणून तर मिळाली नव्हती. मुलींना नोकरीवाला हवा होता, मुलींच्या आयांना तर त्याहून हवा होता. शेवटी तीर्थपुरीच्या संपतनं जमवलं. संपत लग्नं जमवायचा, म्हणजे लांबून मुली आणायचा. त्यानं आणलेली मुलगी बुधरी कवासी नावाची होती, बस्तरच्या नदीपल्याडच्या एका गावातली. पण गावात सांगायला ती विदर्भातली झाली, आपल्यातलीच झाली, आईबाप वारलेली झाली. यातलं शेवटचं तेवढं खरं होतं. लग्नात ताटभर तांदळात हरिओमनं अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, आकांक्षा. तांदळातलं नाव संध्याकाळी भातात जातं. पण संपतनं ते आधार कार्डावरही चढवलं, आणि बापाच्या जागी स्वतःच्या ड्रायव्हरचं नाव टाकलं, राजाराम.

उरलं होतं ते मनगटावर. लग्नानंतरच्या पहिल्या अंगारकीला हरिओम तिला राजूरच्या गणपतीला घेऊन गेला. तिथं मशीनवर गोंदणारा बसला होता. हरिओमनं हौसेनं तिच्या उजव्या मनगटावर आपलं नाव गोंदून घेतलं, दोन्ही बाजूंना फूल. आधीचं ते रानटी गोंदण झाकलं जावं ही उषाबाईची इच्छा आणि आपलं नाव दिसावं ही लेकाची. दोन्ही एका सुईत झालं. आकांक्षा तेव्हा हसली होती. परत येताना तिनं त्याच्याकडे भेळ मागितली होती. हरिओमला त्या दिवसाची अजून आठवण होती, आणि ती आठवण चांगली होती.

सुकमती हुंगीच्याच वयाची, तिच्याच आश्रमशाळेतली. आता तिकडच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात झाडलोट करत होती. तिनं सांगितलं होतं ते इतकंच: पोलिसांच्या चकमकीत सात जण मेले, शनिवारी संध्याकाळपर्यंत घरचं माणूस आलं, नातं शाबीत झालं, तर प्रेत ताब्यात मिळेल. नाहीतर सरकार आपल्या हातानं माती देईल. सातांपैकी पाच जणांची माणसं आली होती. आज गुरुवार होता.

"मला जायचंय," आकांक्षा म्हणाली.

"जाशील," हरिओम म्हणाला. "पण तिथं जाऊन काय म्हणशील? कार्डावर तर तू राजारामची लेक हायेस."

"माझा शाळेचा दाखला होता. संपतभाऊनं घेतल्ता."

मग हरिओमनं मोटारसायकल काढली.

तीर्थपुरीला पोचायला दोन तासांवर लागले. संपत बाजारातल्या हॉटेलात चहा पीत बसला होता. त्यानं त्यांना पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. अर्धा तास ते बाकाच्या टोकाशी उभे होते. आकांक्षाच्या साडीला मिरचीचा पिवळा पराग लागलेला होता आणि हॉटेलातली माणसं तिच्याकडे बघत होती.

"काय हरिओमराव," संपत शेवटी म्हणाला. "माल परत करायला आणला का काय? आपल्याकडं वापसी न्हाई बरं का."

दोघेतिघे हसले. हरिओमही हसला. हसू ओठांवर आल्यावरच त्याला कळलं आपण काय करून बसलो ते.

"दाखला पाहिजे व्हता," तो म्हणाला. "हिचा. शाळेचा."

"तो तर तवाच दिला तुझ्या मायला. म्हणली, माझ्याजवळ राहू दे." संपतनं बशी पुसली. "आणि एक सांगू? असल्या लफड्यात पडू नको. तिकडं आता सगळं साफ होऊन राह्यलं. रस्ते आले, टॉवर आले. मेलं ते मेलं."

येताना ऊन उतरलं होतं. ढग आले होते, बिनकामाचे. आकांक्षा मागं बसून बोलू लागली. हरिओमला वाऱ्यात निम्मंच ऐकू येत होतं, म्हणून त्यानं गाडी हळू केली.

"आमच्या वर्गात बारा पोरी व्हत्या. शाळा दादालोकांनी उडवली, म्हणे तिथं शिपाई राहतेत. मंग शिपाई आले, त्यांनी गाव उठवलं, म्हणे तुमी दादालोकांना भात देता. माझ्या बापाला दादालोकांनी मारलं, खबरी म्हणून. त्याला फोन बी लावता येत नव्हता." ती थांबली. "त्या बारांतल्या चार जंगलात गेल्या. दोन शिपायांत भरती झाल्या. तिघी संपतभाऊसारख्यांसंगं इकडं आल्या, मी धरून. एक सापानं गेली. दोघींचं माहीत न्हाई."

हरिओमनं मनात मोजून पाहिलं. बारा भरल्या.

"सुकमती म्हणली, आता गाव मोकळं झालं, चांगला रस्ता झाला. डोंगरात खाण निघणार हाये. साहेब लोक म्हणून राह्यले, ज्यांची जमीन असंल त्यांनी या. पण कोण यावं? मोहाची झाडं कुणाची कोणती ते सांगायला सुदिक कोणी उरलं न्हाई."

"आणि ते हातावरचं?"

"ते मी काढल्तं. बाभळीचा काटा आणि दिव्याची काजळी. यायो, म्हणजे आमची माय, तीन टिंबं काढायची, मला बी तीनच काढायची व्हती. हुंगीनं हात हिसकला, मंग चौथं पडलं आणि रेघ वाकडी गेली. ती लई रडली. म्हणली, मला वाकडं, तर तुला बी वाकडं. मंग तिनं माझ्या हातावर तस्संच काढलं. चार."

हरिओम पुढं बघत गाडी चालवत होता. तीन वर्षं ही बाई त्याच्या घरात भाकरी थापत होती, आणि तिला बहीण आहे का, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी फुलं उघडली ती उघडलीच. फुलाला कुणाचं मरण कळत नाही. सगळे सऱ्यांत वाकले आणि हरिओमनं वाकूनच विचारलं, "माय, तो दाखला कुठं हाये?"

उषाबाईनं दोन फुलं पुरी केली. "जाळला."

"कामून?"

"कामून म्हणजे? तिसऱ्या दिवशी चुलीत घातला. घरात राह्यला असता तर कोणी ना कोणी पाह्यला असता. त्यावर जात व्हती, गाव व्हतं, सगळं व्हतं. तुझंच बरं पाहून केलं ना मी? तू काय बिनलग्नाचा म्हातारा व्हणार व्हता का?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "मला काय ठावं, असं मरण येईल म्हणून."

आकांक्षाचे हात चालत होते. वाटी, फूल, धागा. ज्योत्स्नाला ते बघवेना.

"माझा भाऊ हाये ना," ज्योत्स्ना म्हणाली. "धम्मपाल. जालन्याला, मस्तगडला बसतो वकिलीला. अकरा वाजू द्या, लावते फोन."

धम्मपालनं सगळं ऐकलं आणि तिकडच्या ठाण्याचा नंबर मिळवून बोलूनही घेतलं. तिथला साहेब म्हणाला, एवढ्या लांबून शनिवारच्या आत पोचणं तुम्हाला जमणार नाही. शनिवारी दुपारी बारापर्यंत व्हिडिओवर ओळख पटवा आणि कागद पाठवा. पटली तर दोन दिवस थांबतो. कागद कसला, तर प्रतिज्ञापत्र. सासू-सासऱ्यानं लिहून द्यायचं की ही मुलगी राजारामची नाही, देवा कवासीची आहे, मूळ नाव बुधरी, लग्नाच्या वेळी कागद खोटे केले.

"खोटे केले असं आपल्याच हातानं लिहून द्यायचं?" भुजंग म्हणाला. दिवसात चार वाक्यं बोलणारा माणूस, त्यातलं हे एक. "उद्या पोलीस आपल्यालाच धरतील. आणि दीपीचं काय? तिच्या जातीचा दाखला निघायचाय."

दीपी म्हणजे दीपमाला, दोन वर्षांची नात. ती शेडनेटच्या बाहेर गोणपाटावर बसून लाल धाग्यांचा गुंता करत होती.

"मी न्हाई सही करणार," उषाबाई म्हणाली. "गाव आपल्या दारात पाणी पिणार न्हाई. नक्षलवाल्याचं घर म्हणतील."

ज्योत्स्ना हसली, चांगलं हसली नाही. "काकू, आमच्या घरी पाणी न पिणारे बी हायेत अजून गावात. माणूस मरत न्हाई त्यानं."

उषाबाईनं तिच्याकडे रागानं पाहिलं.

दुपारी चारनंतर कळ्यांचं काम असतं. उद्या उमलायच्या कळ्या आजच चिमट्यानं उघडायच्या आणि त्यातला नर काढून टाकायचा, म्हणजे फूल स्वतःचं स्वतः फळ धरत नाही. असं फळ धरलं तर ते सेल्फ. त्याचं बी कंपनी घेत नाही. आकांक्षा चिमटा घेऊन बसली आणि कळी उघडायच्या ऐवजी तिनं कळीच तोडली. एक, दोन, पाच. तिला कळतही नव्हतं. उषाबाई उठून आली. सुनेच्या हातातून चिमटा घ्यायला आली होती, पण तिच्या मांडीवर पडलेला फोन तिनं घेतला. पडदा उजळला. फोटो तसाच होता.

उषाबाईनं तो डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ पाहिला.

"केस विंचरलेत हिचे," ती म्हणाली. "बघ, भांग पाडलाय. कोणी पाडला असंल?"

"सुकमतीनं."

"काय नाव म्हणलीस बहिणीचं?"

"हुंगी."

न्हाणीत दीपीला आंघोळ घालताना सून 'हुंगे, हुंगे' म्हणते हे उषाबाईनं कितीदा तरी ऐकलं होतं. एकदा दटावलंही होतं, चांगलं नाव ठेवलंय पोरीचं, हे काय जंगली लावलंस म्हणून. तेव्हा सून 'बरं आत्याबाई' म्हणाली होती आणि पुढं दार लावून आंघोळ घालू लागली होती.

"दीपीला म्हणायचीस ते हिचंच?"

"व्हय."

उषाबाईनं फोन पदरानं पुसला आणि परत तिच्या मांडीवर ठेवला. मग ती जाळीच्या दाराशी गेली आणि मोठ्यानं ओरडली, बाहेरच्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "ओ, ऐकलं का! उद्या सकाळच्या गाडीनं जालन्याला जायचंय. सही करायची हाये आपल्या दोघांना. धुतलेलं धोतर काढून ठेवा."

भुजंगनं तिच्याकडे पाहिलं. नुसती मान हलवली.

शनिवारी प्लॉट ज्योत्स्नावर टाकून चौघं निघाले. मांडीवर दीपी होती. मस्तगडला धम्मपालचं ऑफिस म्हणजे एका दुकानावरची खोली होती, दोन खुर्च्या आणि एक बाक. भुजंगनं सही केली. उषाबाईला सही येत होती, ती तिनं हळूहळू, प्रत्येक काना पाडत केली. लिहिलेलं तिनं आधी वाचून घेतलं. 'खोटे कागद' या शब्दांपाशी तिचं बोट थांबलं, आणि पुढं गेलं. धम्मपालनं कागद पाठवला. साडेअकराला व्हिडिओ लागला.

पडद्यावर एक थकलेला माणूस होता. तोंडावरचा मास्क त्यानं हनुवटीवर ओढला होता आणि कागदानं माश्या हाकत होता. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, रागवायला तरी कुणी मिळालं असतं.

"क्या लगती है आपकी?"

"छोटी बहीण हाये साहेब. हुंगी. कवासी हुंगी."

"हमारी लिस्ट में सरिता है।"

"ते त्यांनी ठेवलेलं नाव. जंगलात नेल्यावर ठेवतेत."

"और आप आकांक्षा। बाप राजाराम।"

"ते बी ठेवलेलंच हाये साहेब," आकांक्षा म्हणाली. "मी बुधरी. आमचा बाप एकच हाये. देवा."

धम्मपालनं प्रतिज्ञापत्राचं सांगितलं. साहेबानं ते समोर उघडलेलं दिसत होतं. "वकील साहब, यह कागज तो आज बना है।" त्यानं डोळे चोळले. कालच दुसऱ्या एका प्रेताचे दोन भाऊ आले होते, आणि दोन्ही खोटे निघाले, असं त्यानं सांगितलं. रक्ताचा नमुना ठेवून घेतलाय, तुमचाही घेऊ, जुळायला महिना-दोन महिने लागतील. पण तोवर प्रेत ठेवायला इथं थंड पेटी नाही. मग त्यानं विचारलं, अंगावरची काही खूण सांगता येईल का.

"हाये!" आकांक्षा खुर्चीतून उठलीच. "उजव्या हाताला. गोदना. चार टिंबं, खाली रेघ, वाकडी. तीन पाहिजे व्हती, चौथं माझ्यानं चुकून पडलं. मीच काढलंय साहेब!"

साहेबानं कागद पाहिला. त्याचा चेहरा पहिल्यांदा जरा हलला. "सही है। लेकिन फोटो सब तरफ घूम गया है, बहनजी। फोटो देखकर कोई भी बोल देगा।"

"मला बी तस्संच हाये! तिनं काढलेलं. आमचं दोघींचं सारखं हाये, दुसऱ्या कुणाचंच असं न्हाई."

"दिखाइए।"

तिनं बांगड्या मागं सारल्या आणि मनगट फोनसमोर धरलं.

तिला स्वतःलाच ते त्या क्षणी आठवलं, असं तिच्या तोंडावरून दिसलं. उषाबाईनं पदर तोंडात धरला.

"यह तो नाम है," साहेब म्हणाला. "हरिओम।"

"खाली हाये," आकांक्षा म्हणाली. "खाली हाये साहेब, याच्या खाली हाये."

हरिओमनं तिचा हात ओढून घेतला आणि खिडकीजवळ उजेडात नेला. त्यानं अंगठा जिभेला लावला आणि आपलं नाव घासायला सुरुवात केली. हिरवी अक्षरं होती, ठसठशीत, मशीनची. दोन्ही बाजूंना फूल. तो घासत होता आणि म्हणत होता, "दिसंल, थांबा साहेब, जरासा थांबा, हे बघा इथं, ह्या 'ह'च्या पोटात एक टिंब हाये ना, बघा ना." कातडी लाल झाली. अक्षरं उलट जास्तच उठून दिसायला लागली. भुजंगनं उठून लेकाचा खांदा धरला.

"मी गोंदवलं साहेब," हरिओम म्हणाला. "माझी चूक हाये. तिची काय न्हाई."

साहेबानं मान खाली घातली. नमुना घेण्याचं पत्र पाठवतो, पुढं कधी जुळलं तर जागा दाखवू, असं तो म्हणाला. मग पडद्यावर त्याचा चेहरा थांबला, आणि धम्मपालनं फोन ठेवला तेव्हा बाराला पाच कमी होते.

संध्याकाळी सुकमतीचा फोन आला. सातांपैकी दोघं कुणाच्याच ताब्यात गेली नव्हती, दोघांनाही दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत माती दिली होती. लोखंडी पाटीवर आकडे घातले होते. हुंगीचा आकडा चारच ठेवला, बदलला नाही, असं सुकमती म्हणाली. तिला ते सांगायला बरं वाटत होतं.

रविवारी सकाळी ज्योत्स्ना आली तेव्हा शेडनेटचं आतलं दार उघडंच होतं. दोन मधमाश्या आत फिरत होत्या. आकांक्षा सातव्या सरीच्या टोकाला बसलेली होती. बांगड्या काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि कळ्यांच्या चिमट्यानं ती मनगट खरवडत होती. सावकाश, कळी उघडताना लागतो तेवढ्याच बेतानं. 'ह' निघाला होता. रक्त कोपरापर्यंत आलं होतं.

ज्योत्स्नाच्या हाकेनं हरिओम धावत आला. दोन झाडं मोडत तो तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला.

"आकांक्षा! काय करून राह्यलीस?"

तिनं मान वर केली नाही.

"तुमचं नाव न्हाई काढून राह्यले," ती म्हणाली. "खाली तिचं हाये का बघून राह्यले."

हरिओमनं चिमट्यासाठी हात पुढं केला आणि तो तिथंच राहिला. त्याला घेता येईना. शेवटी उषाबाई आली. तिनं चिमटा काढून घेतला, सुनेचं मनगट आपल्या पदरात गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं. "बुधरे," ती म्हणाली. हे नाव तिनं पहिल्यांदा वाचलं होतं ते दाखल्यावर, चुलीत घालायच्या आधी.

बाहेर दीपी रडत होती. आठ वाजून गेले होते आणि फुलं उघडली होती. त्या दिवशी सातव्या सरीत कुणी धागा बांधला नाही.